पुलावर काय काम आहे?

(आपल्या वार्षिक मेळाव्यात दुपारच्या सत्रात झालेलं हे भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, थोडं आटोपशीर करून देत आहोत.)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘अमेरिकेतील अनुभव’ असा विषय छापला आहे. जेवणानंतरचं सत्र आणि त्यात अमेरिका, म्हणजे काही जणी डुलकीच्या तयारीनंच बसल्या आहेत हे मला इथून दिसतंय. पण अमेरिकेबद्दल मला फारसं सांगता यायचं नाही. डिसेंबर २०२३ च्या मध्यापासून सहा महिने मी तिथं होते आणि त्यातले पहिले साडेचार महिने स्वयंपाकघर, मोरी आणि पाळणा एवढ्यातच गेले. मी बोलणार आहे ती एका पुलाबद्दल. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल. सिनेमात, कॅलेंडरवर तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. मी त्यावर दोनदा पायी गेले. त्यात माझ्या लेकीचाही विषय येईल. तिला विचारूनच बोलते आहे.

पण सुरुवात माझ्या माहेरापासून करावी लागेल. माझं माहेर रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. गावाजवळच्या खाडीवर पूल झाला तेव्हा मी कॉलेजात होते. त्याआधी तरीनं पलीकडे जायचो. पूल झाला आणि गावातल्या सगळ्या पुरुषांना संध्याकाळचं ठिकाण मिळालं. एका बाजूला खाडी, दुसरीकडे समुद्र, सूर्य थेट पाण्यात उतरायचा. माझे वडील, काका, दोन्ही भाऊ जेवायच्या वेळेपर्यंत कठड्याला टेकून उभे. एकदा मी म्हटलं, मीही येते. मोठा भाऊ म्हणाला, ‘तुझं पुलावर काय काम आहे?’ त्याचं स्वतःचं तिथं काय काम होतं हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, मीही विचारलं नाही. त्या वयात सुचत नाही.

आता कुणी म्हणेल, बायका जात नव्हत्या असं नाही. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन बायका त्याच पुलावरून रोज बाजाराला जायच्या, पहाटे अंधारातसुद्धा. त्यांना कुणी हटकत नसे, कारण त्या कामाला चाललेल्या. पण त्यांच्यातली कुणी टोपली खाली ठेवून, कठड्याला टेकून पाणी बघत उभी राहिलेली मी एकदाही पाहिली नाही.

आता अमेरिका. लेकीचं बाळंतपण जानेवारीत. आई म्हणून मी जाणार हे गृहीतच होतं, मीही ते गृहीत धरलं. चाळीस वर्षं घरकामाला मोल नाही म्हणून भाषणं केलेली बाई डिंक, आळीव, बाळंतशेपा आणि मेथ्या बॅगेत भरून निघाली. मला त्याची लाज वाटत नाही. नातीला पहिली अंघोळ मी घातली, ते सुख मी कुणाला देणार नाही. पण तिथं फ्रीमाँट नावाच्या गावात, जिथं आपली भरपूर माणसं आहेत, गाडी चालवता आली नाही तर बाई घरातच अडकते. फुटपाथ आपल्या गल्लीएवढा रुंद, पण त्यावर चिटपाखरू नाही. मी दुपारी नातीला बाबागाडीत घालून फिरवायची तेव्हा फक्त दुसऱ्या कुणाची तरी आई किंवा सासू भेटायची. साडीवर स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट, आम्ही एकमेकींना लांबूनच ओळखायचो. ‘कितवा महिना?’ म्हणजे कितवा महिना मुक्कामाचा. तुरुंगात विचारतात तसंच!

जाता जाता एक माहिती. अमेरिकेत देशपातळीवर पगारी बाळंतरजेचा हक्क नाही. काही राज्यांनी आपापल्या सोयी केल्या आहेत, कॅलिफोर्निया त्यातलं एक. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनं कायद्यात २६ आठवडे आहेत. ते किती जणींच्या पदरात पडतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

मेच्या सुरुवातीला मी लेकीला म्हटलं, मला तो पूल चालून बघायचाय. ती म्हणाली, रविवारी गाडीनं जाऊ. म्हटलं, नको, मी एकटीच जाते. आगगाडीनं. त्यावर ती म्हणाली, ‘एकटीनं तिथं जाऊन काय करणार आहेस? काय काम आहे?’

शब्द तेच. मधे जवळपास पन्नास वर्षं गेली होती. विचारणारी माझीच मुलगी, जिला मी सातवीत सायकल शिकवली ती. खरं तर मी स्वतः सायकल शिकले तीच चौतिशीनंतर. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमाराला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या, ते आपल्या शिबिरात ऐकलं आणि आम्ही चौघीजणी एका भाड्याच्या सायकलवर शाळेच्या मैदानात पडत पडत शिकलो. लेकीला मी ते सगळं सांगितलेलं होतं. तरीही तिचं म्हणणं, भाषा नीट कळणार नाही, काही झालं तर? एप्रिलमध्येच गाझातल्या युद्धाविरुद्ध निदर्शकांनी तो पूल काही तास अडवून धरला होता, ते तिनं बातम्यांत पाहिलेलं. मी म्हटलं, मग तर मी गेलंच पाहिजे.

फ्रीमाँटहून एकच गाडी खाडीच्या खालून, समुद्रतळाशी टाकलेल्या बोगद्यातून पलीकडे डेली सिटीला जाते. तिथून २८ नंबरची बस थेट पुलाच्या तोंडाशी. अडीच तास लागले. डब्यात दोन पोळ्यांचा रोल आणि पाण्याची बाटली. पाणी मात्र मी नेहमीच्या सवयीनं प्यायले नाही. आपण बायका लांबच्या प्रवासाला निघताना तहान घरी ठेवूनच निघतो. तर पुलाच्या या टोकाला स्वच्छतागृह, आणि त्या टोकाला दृश्य बघायच्या जागेपाशी पुन्हा स्वच्छतागृह. आपल्या मुंबईतल्या ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या मैत्रिणींची मला तिथं इतकी आठवण झाली! मग मी घटाघटा पाणी प्यायले.

पूल सोनेरी नाही. नाव त्या सामुद्रधुनीचं आहे. रंग विटकरीकडे झुकणारा शेंदरी, आपल्याकडे देवळाच्या भिंतीला काव लावतात तसा. सबंध पूल पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, मधल्या दोन मनोऱ्यांमधलं अंतर १२८० मीटर. मधोमध सहा पदरी रस्ता आणि दोन्ही कडांना चालायचे पट्टे. पूर्वेचा चालणाऱ्यांसाठी, पहाटे ५ ला उघडतो, उन्हाळ्यात रात्री ९ ला बंद होतो. पश्चिमेचा शनिवार-रविवारी सायकलींना मिळतो. मी गेले तो कामाचा दिवस होता, त्यामुळे सकाळी सायकली आमच्याच पट्ट्यावर. मागून घंटी वाजली की उजवीकडे सरकायचं. गाड्यांना टोल आहे, शहराकडे येताना. चालणाऱ्याला आणि सायकलला काही नाही.

सुंदर आहे का, तर आहे. डावीकडे गाड्यांचा अखंड घोंघाट, त्याकडे दुर्लक्ष करायला दहा मिनिटं लागतात. पायाखाली पूल थरथरतो, ते आधी कुणी सांगत नाही. उजव्या हाताला शहर, मधे आल्कट्राझचं बेट, जिथं पूर्वी तुरुंग होता. खालून जहाज गेलं तर त्याच्या छपरावरची माणसं मुंग्यांएवढी दिसतात. वारा असा की मी पदर कमरेला खोचला, मग स्वेटरात कोंबला, शेवटी मफलरसारखा डोक्याला बांधला. माझ्या पुढून एक बाई चाकाच्या खुर्चीतून चालली होती, स्वतःच्या हातानं चाकं ढकलत, एकटी. शाळेतल्या मुलींचा घोळका. भाड्याच्या सायकली घेतलेल्या दोन बायका, साधारण माझ्याच वयाच्या, त्यातली एक चढावर उतरून सायकल हातानं ढकलत होती आणि दुसरीला काहीतरी ओरडून हसत होती. हे लोक पलीकडच्या गावापर्यंत सायकलनं उतरतात आणि परत बोटीनं येतात म्हणे. माझी सायकल घ्यायची फार इच्छा झाली. घेतली नाही. गुडघा.

आता मला आवडलेली एक गोष्ट. हा पूल उघडला १९३७ साली. २७ मेचा पहिला दिवस फक्त पायी चालणाऱ्यांचा ठेवला होता. सुमारे २ लाख माणसं त्या दिवशी पुलावरून चालली. दोघी बहिणी चाकांच्या बुटांवरून गेल्या. गाड्यांना प्रवेश दुसऱ्या दिवशी. आधी माणसं, मग गाड्या! पुढे १९८७ मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हा पुन्हा पूल माणसांना दिला, तर ३ लाखांच्या आसपास लोक एकाच वेळी वर चढले आणि पुलाची मधली कमान सपाट झालेली लोकांनी पाहिली. पूल टिकला.

आणि एक न आवडलेली. पुलाच्या टोकाशी मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउसचा पुतळा आहे. पुलाच्या रचनेची बरीचशी किचकट गणितं केली चार्ल्स एलिस नावाच्या माणसानं. त्याला मधेच काढून टाकलं आणि पूल झाल्यावर अहवालात त्याचं नावही घेतलं नाही. २००७ मध्ये, म्हणजे ७० वर्षांनी, पुलाच्या मंडळानं त्याचं श्रेय मान्य केलं. तो पुरुष होता, शिकलेला होता, तरी ही गत. ज्यांनी डबे पोचवले असतील, त्यांचं तर विचारूच नका.

तर मी मधोमध जाऊन थांबले.

थांबायचं असं ठरवलं नव्हतं. पण कठडा पाहिला आणि टेकले. रोल खाल्ला. पाणी बघत उभी राहिले. किती वेळ, कल्पना नाही. लेकीचा फोन दोनदा येऊन गेला असावा, वाऱ्यात ऐकू आला नाही. मनात काय होतं ते प्रामाणिकपणे सांगते. फार चांगलं काही नव्हतं. सासष्ट वर्षं झाली, गुडघे गेले, संघटनेत आता आपण जुन्या झालो, तरुण मुली आपलं ऐकतात ते आदरानं, उपयोग म्हणून नाही. इथं लेक चिडचिड करते, मी केलेलं तिला पसंत पडत नाही, रात्री रडल्याचा आवाज येतो तर विचारलं की म्हणते झोप झाली नाही. मीही ‘होतं असं बाळंतपणात’ म्हणून लाडू वळायला लागते. असं काहीबाही.

इतक्यात एक गणवेशातली बाई सायकलवरून आली. पुढे गेली, वळून परत आली, सायकल टेकवून माझ्या शेजारी उभी राहिली. माझ्या पोटात गोळा आला. चाळीस वर्षांची सवय आहे. गणवेश आला की आधी मनातल्या मनात उत्तरं तयार होतात: मी कोण, कुठली, कुणाबरोबर, परवानगी आहे का. तिनं यातलं काही विचारलं नाही. ती म्हणाली, ‘आज तुम्हाला बरं वाटतंय ना?’

मी म्हटलं, हो, मी फक्त बघतेय. ती म्हणाली, बघा की, हवं तेवढा वेळ बघा. कुठून आलात? मुंबई. तिथं समुद्र असेल ना? आहे म्हटलं. जरा वेळ उभी राहिली, स्वेटर पुरतोय का विचारलं, आणि गेली. मग माझं लक्ष गेलं, थोड्या थोड्या अंतरावर खांबाला फोन लावलेत आणि त्यावर लिहिलंय की संकटात असाल तर बोला, समुपदेशक आहे. आणि कठड्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला, पोलादी जाळं लांबवर पसरलंय. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ती मला का विचारत होती.

आधी हसू आलं. मग, खरं सांगते, मी तिथं उभी राहून रडले. साडेचार महिन्यांत मला कुणी तो प्रश्न विचारला नव्हता. आणि त्याहून वाईट म्हणजे मीही कुणाला विचारला नव्हता.

पलीकडच्या टोकापर्यंत गेले, परत आले, बस धरली. घरी पोचायला संध्याकाळ झाली. लेक दारातच. ओरडायच्या तयारीत होती. मी चप्पलसुद्धा न काढता विचारलं, ‘तुला बरं वाटतंय का गं? बाळाचं नाही विचारत. तुझं विचारतेय.’ ती तिथंच, चपलांच्या फळीपाशी खाली बसली. पुढचे दोन तास आम्ही तिथंच होतो. रात्रभर तिला झोप येत नव्हती, बाळाला हात लावायची भीती वाटत होती, आपण आई म्हणून नालायक आहोत असं वाटत होतं, आणि हे माझ्याशी बोलायची हिंमत होत नव्हती, कारण ‘तू किती खूश होतीस आई, लाडू वळत होतीस.’ बाळंतपणानंतरचं नैराश्य. मी आपल्या समुपदेशन केंद्रात बसून या विषयावरची पत्रकं वाटलेली बाई. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर झाले, उपचार सुरू झाले. आज ती ठीक आहे, कामावर जाते. पण चार महिने ती माझ्यासमोर बुडत होती आणि मी आळीव भिजत घालत होते.

हे सांगून थांबता आलं असतं. पण त्या जाळ्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

त्या पुलावरून आयुष्य संपवणाऱ्यांची संख्या फार मोठी होती. काही तरी अडसर घाला अशी मागणी अनेक दशकं होत होती. ज्यांची मुलं गेली ते आईवडील मंडळाच्या बैठकांना जाऊन बसायचे, फोटो घेऊन. विरोधाची कारणं दोन. एक, दृश्य बिघडेल. दुसरं, ज्याला मरायचंच आहे तो दुसरीकडे जाऊन मरेल. हे दुसरं वाक्य ओळखीचं वाटतं ना? गावागावांत विहिरीच्या काठावर आपण हेच ऐकलंय. ‘तिच्या मनातच होतं, आज नाही तर उद्या.’ म्हणजे पुढचं काही विचारायला नको, सासरचं नाव घ्यायला नको.

ते वाक्य खोटं आहे. रिचर्ड सायडन नावाच्या संशोधकानं १९७८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९३७ ते १९७१ या काळात त्या पुलावर ज्यांना वेळेवर अडवलं अशा ५१५ माणसांचा त्यानं माग काढला. त्यातले ९४ टक्के एक तर जिवंत होते, नाही तर नैसर्गिक कारणांनी वारलेले होते. मला आपल्याच कामातली एक बाई आठवते. पहाटे विहिरीवर गेलेली, तेवढ्यात शेजारीण कळशी घेऊन आली आणि म्हणाली, ‘अगं, लवकर उठलीस?’ एवढंच. तिच्या नातवाच्या बारशाला मी गेले होते. (आपल्या फलकावर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर लिहिलेला आहे. जाताना प्रत्येकीनं उतरवून घ्या. स्वतःसाठीसुद्धा.)

शेवटी २००८ मध्ये जाळ्याचा निर्णय झाला, २०१८ मध्ये काम सुरू झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये, मी गेले त्याच्या चार महिने आधी, पूर्ण झालं. पहिल्याच वर्षी मृत्यू खूपच कमी झाले. आता गंमत बघा, गंमत कसली. पूल बांधताना कामगारांसाठी खाली जाळं लावलेलं होतं. त्या जाळ्यानं १९ जण वाचले. शेवटी शेवटी एक मचाण कोसळलं, जाळं फाटलं आणि एकाच दिवशी १० जण गेले, तो अपघात वेगळा. पण कामगारांसाठी जाळं हवं हे १९३६ मध्ये सुचलेलं डोकं, चालणाऱ्यांसाठी जाळं लावायला २०२४ पर्यंत थांबलं.

तरी एक गोष्ट त्यांनी केली नाही. माणसं पडतात म्हणून माणसांना चालायला कायमची बंदी करावी, हा सगळ्यात स्वस्त उपाय होता. पट्ट्याला कुलूप घातलं की झालं. त्यांनी पट्टा उघडा ठेवला, फोन लावले, गस्त घातली, आणि उशिरा का होईना जाळं लावलं. आपल्या बाबतीत सुरक्षितता हा शब्द निघाला की पहिला विचार कुलपाचा होतो. वसतिगृहाचं दार सातला बंद. रात्रपाळी नको. पुलावर काय काम आहे? २०१५ मध्ये दिल्लीच्या मुलींनी ‘पिंजरा तोड’ म्हणत वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध आवाज उठवला, तो नेमका याच कुलपाविरुद्ध.

आणि आपल्या मुंबईचे पूल बघा. वांद्रे-वरळी सागरी सेतू ३० जून २००९ ला उघडला. ५.६ किलोमीटर, समुद्रावरचा, शहराचं चित्र काढायचं तर आज मुलं तोच काढतात. त्यावर पायी जायला बंदी, सायकलला बंदी, दुचाकी आणि रिक्षालाही बंदी. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला, सुमारे २२ किलोमीटरचा. तिथंही तेच. मान्य आहे, २२ किलोमीटर कोण चालणार, आणि वेगानं धावणाऱ्या गाड्यांत सायकल नको. पण कडेला वेगळा पट्टा ठेवावा, हे बांधतानाच सुचलं नाही. ज्या शहरात सगळ्यात जास्त माणसं पायी जातात, आणि बायका तर जास्तच, त्या शहराचा सगळ्यात सुंदर पूल फक्त गाडीत बसणाऱ्यांसाठी. ज्यांच्या घरी गाडी आहे त्या घरातसुद्धा किल्ली कुणाच्या खिशात असते ते मोजा एकदा.

मला अमेरिकेची आरती करायची नाही. सॅन फ्रान्सिस्कोतच दुसरा मोठा पूल आहे, बे ब्रिज. त्याच्या पूर्वेच्या नव्या भागाला चालण्या-सायकलीचा पट्टा आहे, तो मधल्या बेटापर्यंत जातो. पुढे शहराकडच्या भागाला पट्टाच नाही. म्हणजे चालत निघालात तर समुद्राच्या मधोमध बेटावर पोचता आणि तिथून मागे फिरता.

दुसऱ्यांदा मी गोल्डन गेटवर गेले ती जूनमध्ये, परत यायच्या आठवड्यात, लेक आणि नातीबरोबर. जावयानं गाडीनं सोडलं. धुकं इतकं की मनोरे दिसेनात, समुद्र दिसेना, नुसता भोंगा ऐकू येत होता. रविवारची गर्दी. लेक बाबागाडी ढकलत होती. अर्ध्यावर जाऊन म्हणाली, आई, थांबू या जरा. कठड्याला टेकलो. समोर पांढऱ्याशिवाय काही नाही. मी म्हटलं, दिसत तर काहीच नाही. ती म्हणाली, ‘मग काय झालं?’ नात झोपलेलीच होती. आम्ही तिथूनच परत फिरलो.

आता कामाचं. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या सागरी किनारा रस्त्यालगतचा विहारपथ लोकांसाठी उघडला. पूल नाही, पण समुद्र आहे, आणि चालायला, सायकलला जागा आहे. त्यासाठी मी पालिकेला मनापासून धन्यवाद देते. रोज शिव्याच द्यायच्या असं काही नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी रात्री ९ वाजता आपण तिथं जायचं असं काही जणींनी ठरवलंय. मोर्चा नाही. घोषणा, फलक काही नाही. जायचं, कठड्याला टेकून उभं राहायचं, कंटाळा आला की घरी यायचं. शेंगदाणे आणले तर चालतील. ज्या कोकणातून आल्या आहेत त्यांनी आपापल्या खाडीच्या पुलावर तेच करावं. किती वाजता गेलात आणि कोण काय म्हणालं ते दोन ओळींत अंकासाठी लिहून पाठवा.

तिथलं स्वच्छतागृह नेमकं कुठं आहे, रात्री उघडं असतं का, आत पाणी आणि दिवा आहे का, हे आधी जाऊन बघून यायचं काम दोघींनी घेतलंय. नसेल तर त्याचा अर्ज वेगळा करायचाय, मसुदा माझ्या पिशवीत आहे. ज्यांना शनिवारी यायचंय त्यांनी चहाच्या वेळी मागच्या टेबलावर नावं द्या. सायकल असलेल्या दोघी तिघी आल्या तर बरं. माझा गुडघा बघून घेईन.